‘मला बोलावलंच नाही’ इंग्रजीत कसं सांगाल? बोलीतले शब्द आणि पॅसिव्ह व्हॉइस एकत्र शिकण्याची रीत

गप्पांमधलं इंग्रजी आणि पॅसिव्ह व्हॉइस हे दोन विषय सहसा शेजारी बसत नाहीत. पहिला मित्रांमध्ये लागतो, दुसरा परीक्षेत ‘चेंज द व्हॉइस’च्या प्रश्नापुरता. माझं मत असं की नव्याने शिकणाऱ्याने दोन्ही एकदमच घ्यावेत. ‘गॉट फायर्ड’ (कामावरून काढलं), ‘गॉट टोल्ड ऑफ’ (बोलणी खाल्ली), ‘गॉट रिप्ड ऑफ’ (लुबाडलं गेलं) ही बोलण्यातली चटपटीत रूपं नीट पाहिली तर पॅसिव्हच आहेत. आणि मराठी बोलणाऱ्याकडे या दोन्हींची अर्धी तयारी आधीपासून असते, फक्त ती कुठे ठेवलीय हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

पायरी १: शाळेतला ‘कर्मणी’ बाजूला ठेवा

‘रामाने पत्र लिहिले’ हा मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माच्या मागे चालतं: पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला. इंग्रजीत मात्र हेच वाक्य ‘राम रोट अ लेटर’ असं सरळ ॲक्टिव्ह होतं. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं समीकरण डोक्यात बसलं असेल तर भूतकाळातलं प्रत्येक दुसरं वाक्य पॅसिव्ह वाटू लागतं आणि घोळ होतो. इंग्रजी पॅसिव्हशी खरा जुळतो तो ‘पत्र रामाकडून लिहिले गेले’ हा साचा. आपली व्याकरणाची पुस्तकं त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. पण असं वाक्य आपण घरात बोलतो का? ‘माझ्याकडून दार लावलं गेलं’ असं कुणी म्हटलं तर चार माणसं वळून बघतील. म्हणूनच पॅसिव्ह ही आपल्या जिभेवर नसलेली, पुस्तकी गोष्ट वाटते. ती जिभेवर आहे, पण दुसऱ्याच वेषात. ते पुढच्या पायरीत.

त्याआधी शाळेतल्या सरावाबद्दल दोन शब्द. ‘राम राइट्स अ लेटर’चं ‘अ लेटर इज रिटन बाय राम’ करून मार्क मिळतात, पण असं कुणी बोलत नाही. प्रत्यक्ष वापरातल्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच. करणारा माहीत नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा त्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तर पॅसिव्ह वापरायचा. ‘बाय’ येतो तो करणारा कोण हीच बातमी असेल तेव्हा. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात दोन्ही नमुने पाठोपाठ आहेत. ‘ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल’ म्हणताना ‘बाय’ नाही. लगेच पुढे ‘दे आर एन्डाउड बाय देअर क्रिएटर’ म्हणताना मात्र आहे, कारण हक्क राजाने दिलेले नाहीत, निर्मात्याने दिलेत, हाच तर सगळा मुद्दा होता.

पायरी २: वाक्यात करणारा गायब आहे का, ते बघा

ही पायरी सर्वांत जास्त वेळ देण्यासारखी आहे. आपण रोज बोलतो ती वाक्यं घ्या. ‘मला बोलावलंच नाही.’ ‘त्याला कामावरून काढलं.’ ‘माझा फोन चोरला.’ ‘रस्ता बंद केलाय.’ ‘इथे मराठी बोलतात.’ कुणी बोलावलं नाही? कुणी काढलं? कुणी चोरला? वाक्यात त्याचा पत्ता नाही, आणि ऐकणाऱ्याचं काही अडतही नाही.

इंग्रजीला ही सवलत नाही. तिथे क्रियापदाच्या आधी कुणीतरी बसलेलंच लागतं. करणारा हजर नसेल तर ज्याच्यावर क्रिया झाली त्यालाच उचलून पुढच्या खुर्चीवर बसवतात. पॅसिव्ह म्हणजे एवढंच. वरची पाच वाक्यं अशी होतात: ‘आय वॉजन्ट इन्व्हायटेड.’ ‘ही वॉज फायर्ड.’ ‘माय फोन वॉज स्टोलन.’ ‘द रोड इज क्लोज्ड.’ ‘मराठी इज स्पोकन हिअर.’

इथे पाय घसरतो तो ‘मला’, ‘त्याला’ या शब्दांवर. ‘त्याला काढलं’मध्ये ‘त्याला’ दिसतं म्हणून तोंडातून ‘हिम’ निघतो. पॅसिव्हमध्ये तो पुढे येऊन बसल्यावर ‘ही’ होतो. ‘मला’चा ‘आय’ होतो. देवनागरीत लिहिताना तर वेगळीच गंमत होते: आपला मी म्हणजे त्यांचा ‘आय’, आणि त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला मला.

याच जातीचं एक वाक्य आजच पाठ करून टाका: ‘आय वॉज टोल्ड’. ‘मला इथे थांबायला सांगितलंय’ म्हणजे ‘आय वॉज टोल्ड टू वेट हिअर’. ‘मला एक फॉर्म दिला’ म्हणजे ‘आय वॉज गिव्हन अ फॉर्म’. कुठल्याही खिडकीसमोर, कुठल्याही ऑफिसात ही दोन वाक्यं हटकून कामाला येतात. शिकाऊ माणूस बहुतेकदा ‘समवन टोल्ड मी’ म्हणतो. ते चूक नाही, पण त्यात ‘कुणीतरी, कोण देव जाणे’ असा सूर लागतो.

गप्पांमध्ये आणखी एक पळवाट आहे: ‘दे’. ‘दे फायर्ड हिम.’ ‘देव्ह क्लोज्ड द रोड.’ हे ‘ते’ म्हणजे कोण, असं कुणी विचारत नाही. ‘असं म्हणतात’ला ‘दे से’, हीच युक्ती. व्याकरणाने हा पॅसिव्ह नाही, पण काम पॅसिव्हचं करतो. बोलताना अडलात तर खुशाल वापरा.

सराव काय करायचा? दिवसभरात स्वतःच्या तोंडून किंवा घरच्यांच्या तोंडून निघालेलं, करणारा नसलेलं एखादं मराठी वाक्य पकडायचं आणि मनातल्या मनात उलटवायचं. ‘लाइट घालवलीय’, ‘नंबर बदललाय’, ‘कुणाला कळवलंच नाही’. अशी वाक्यं इतकी सापडतात की पुस्तकातल्या सरावाची गरज उरत नाही.

पायरी ३: साचा, आणि त्याचा आवाज

साचा लहान आहे: ‘बी’चं योग्य रूप आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. काळ सगळा ‘बी’ सांभाळतो, तिसरं रूप जागचं हलत नाही. ‘इट इज चेक्ड’ म्हणजे नेहमी तपासतात. ‘इट इज बीइंग चेक्ड’, तपासणं चालू आहे. ‘इट वॉज चेक्ड’, तपासलं होतं. ‘इट हॅज बीन चेक्ड’, तपासून झालंय. ‘इट विल बी चेक्ड’, तपासतील. ‘इट कॅन बी चेक्ड’, तपासता येईल. एवढ्या सहांवर पुष्कळ काळ निभतो. ‘हॅज बीन बीइंग’ अशी लांबलचक रूपं तक्त्यात असतात, पण त्यांच्या नादी लागू नका.

यातल्या ‘इज बीइंग’ने कुणाला धडकी भरत असेल तर त्याच्या माहितीसाठी: हे रूप इंग्रजीत तसं नवंच आहे. अठराव्या शतकात लोक ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत, आणि अर्थ घर बांधलं जातंय असाच घेत. त्या शतकाच्या अखेरीस ‘इज बीइंग बिल्ट’ वर आलं, तेव्हा पुढची कित्येक वर्षं भाषेच्या रखवालदारांनी त्यावर नाकं मुरडली. आज त्याच्याशिवाय पान हलत नाही.

तिसऱ्या रूपांचा अख्खा तक्ता घोकू नका. पॅसिव्हमध्ये सतत भेटणारी निवडा: टोल्ड, गिव्हन, टेकन, मेड, डन, सेंट, पेड, सोल्ड, बिल्ट, स्टोलन, ब्रोकन, रिटन, हेल्ड, कॉट, लेफ्ट. आणि जी बदलतच नाहीत ती फुकट मिळाली समजा: पुट, कट, हिट, हर्ट.

आवाजाकडे मात्र लक्ष द्या. शेवटी ‘ईडी’ लिहिलेलं असलं तरी ‘चेक’च्या पुढे उच्चार ‘ट’ होतो, ‘कॉल’च्या पुढे ‘ड’, आणि ‘इन्व्हाइट’च्या पुढेच फक्त पूर्ण ‘इड’. भराभर बोलताना ‘वॉज’चा ‘वझ’ होतो, ‘बीन’चा ‘बिन’. कान ‘वॉज’ची वाट बघत बसतो आणि तो कधीच येऊन गेलेला असतो. ‘इट्स’ तर दुहेरी आहे. ‘इट्स चेक्ड’मध्ये तो ‘इज’ आहे, ‘इट्स बीन चेक्ड’मध्ये ‘हॅज’. पुढे ‘बीन’ ऐकू आला तर ‘हॅज’, अशी खूणगाठ बांधा.

पायरी ४: ‘झालं’चा सापळा

‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड.’ ही चूक इतकी सर्रास कानावर येते की तिची सवय झालीय. मूळ अर्थातच ‘अपघात झाला’. आपला ‘झाला’ सगळीकडे चालतो, म्हणून तिकडेही एकच साचा लावला जातो. ‘हॅपन’, ‘डाय’, ‘अराइव्ह’, ‘गो’, ‘स्लीप’, ‘डिसअपिअर’ या अकर्मक क्रियापदांना पॅसिव्ह होत नाही. पुढच्या खुर्चीवर बसवायला कर्मच नाही, तर बसवणार कुणाला? म्हणून ‘देअर वॉज ॲन ॲक्सिडेंट’. पण ‘काम झालं’ला ‘द वर्क इज डन’, ‘माझा जन्म झाला’ला ‘आय वॉज बॉर्न’ आणि ‘त्यांचं लग्न झालं’ला ‘दे गॉट मॅरिड’. ‘आय बॉर्न’ही नाही आणि ‘आय ॲम बॉर्न’ही नाही. तेव्हा ‘झालं’ आलं की थांबा आणि विचारा: हे आपोआप घडलं की कुणीतरी केलं?

हाच प्रश्न आपल्याला एका ठिकाणी इंग्रजीपेक्षा सोपा जातो. फुटणं आणि फोडणं, पडणं आणि पाडणं, जळणं आणि जाळणं अशा जोड्या मराठीत तयार आहेत. ‘काच फुटली’ला ‘द ग्लास ब्रोक’, ‘काच फोडली’ला ‘द ग्लास वॉज ब्रोकन’. ‘कागद जळले’ला ‘द पेपर्स बर्न्ड’, ‘कागद जाळले’ला ‘द पेपर्स वेअर बर्न्ड’. इंग्रजीत क्रियापद एकच, त्यामुळे इतर भाषांतले शिकाऊ इथे चाचपडतात. मराठी माणसाने फक्त स्वतःचं क्रियापद ऐकायचं: फुटलं तर ॲक्टिव्ह, फोडलं तर पॅसिव्ह.

काही क्रियापदं सकर्मक असूनही पॅसिव्हला तयार नसतात: ‘हॅव’, ‘लॅक’, ‘सूट’. ‘अ कार इज हॅड बाय मी’ ऐकून समोरचा हसेल. आणि ‘मला चालवत नाही’ला पॅसिव्ह शोधत बसू नका. ते सरळ ‘आय कान्ट वॉक’.

पायरी ५: शब्दाची उंची मोजा

आता शब्दांकडे. इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द का, याचं बरंचसं उत्तर 1066 या सालात आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे काही पिढ्या दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली. कागदोपत्री लॅटिन होतीच. शेतात आणि घरात जुने आखूड शब्द राहिले. म्हणून आज ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’, विकत घेण्याचे ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’ शेजारीशेजारी नांदतात. आपल्याकडे ‘विचारलं’ आणि ‘पृच्छा केली’ यांत जे अंतर आहे तेच हे. आईला कुणी ‘जेवणास प्रारंभ करू का’ असं विचारत नाही. इंग्रजीत मात्र आपण बिनदिक्कत तसं बोलतो, कारण शब्द पुस्तकातून आलेले असतात आणि त्यांची उंची सोबत आलेली नसते.

साधारण चार मजले धरा: कागदी, मधला, गप्पांचा आणि स्लँग, म्हणजे टोळक्यातली बोली. ‘चाइल्ड’ मधला, ‘किड’ गप्पांचा. ‘टॉलरेट’ वरचा, ‘पुट अप विथ’ गप्पांचा. नवख्याने आधी मधला मजला भरावा, कारण तो कुठेही चालतो. ऑक्सफर्ड, केम्ब्रिज, लाँगमन यांचे शिकाऊंसाठीचे शब्दकोश वेबवर फुकट आहेत आणि त्यांत शब्दाजवळ ‘इन्फॉर्मल’, ‘स्लँग’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘ऑफेन्सिव्ह’ अशा खुणा असतात. अर्थ वाचण्याआधी ती खूण वाचायची सवय लावा. ‘ऑफेन्सिव्ह’ आणि ‘टॅबू’ दिसलं तर शब्द ओळखून ठेवायचा, वापरायचा नाही.

स्लँगबद्दल मी जरा कडक आहे. ते लवकर शिळं होतं, आणि शिळं स्लँग वापरणारा माणूस औपचारिक बोलणाऱ्यापेक्षा अवघडलेला दिसतो. ‘कूल’सारखे चिवट शब्द थोडे. अपवाद म्हणून ‘ओके’ बघा: 1839 मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात तो ‘ऑल करेक्ट’ची मुद्दाम चुकीची स्पेलिंग करून काढलेली आद्याक्षरं म्हणून, थट्टेत छापला गेला. आता तो सगळ्या मजल्यांवर फिरतो. पण असं भाग्य फार थोड्या शब्दांना लाभतं.

पायरी ६: शब्द वाक्यासकट उचला

सुटा शब्द आणि समोर मराठी अर्थ, अशी वही निरुपयोगी ठरते. पूर्ण वाक्य लिहा आणि कोण कुणाला म्हणालं ते बाजूला टिपा. ‘हँग ऑन, आयल चेक.’ मैत्रीण, फोनवर. ‘नो वरीज.’ अनोळखी माणूस, धक्का लागल्यावर. माणूस लिहिला की शब्दाची उंची आपोआप लिहिली जाते.

दोन-तीन शब्दांची जोडक्रियापदं, म्हणजे फ्रेझल व्हर्ब्ज, हा गप्पांचा कणा आहे. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं, ‘पुट ऑफ’ पुढे ढकलणं, ‘टर्न डाउन’ नाकारणं, ‘लुक इन्टू’ चौकशी करणं. ‘गेट’च्या पुढे लागणारे पंधरा शब्द एका बैठकीत पाठ करायला सांगणाऱ्या याद्या टाळा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची खिचडी झालेली असते. प्रसंगाने गोळा करा: कामाच्या ठिकाणची चार, प्रवासातली चार. आणि हे लक्षात असू द्या की पॅसिव्ह करताना शेपूट तुटत नाही. ‘द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ.’ ‘इट्स बीइंग लुक्ड इन्टू.’ शेवटचा ‘ऑफ’ किंवा ‘इन्टू’ लोंबकळतोय असं वाटून नवखे तो गाळतात, आणि अर्थच बदलतो.

‘गॉना’ (गोइंग टू), ‘वॉना’ (वॉन्ट टू), ‘डनो’ (डोन्ट नो) कानाने ओळखा, मित्राला मेसेजमध्ये लिहायचे तर लिहा, अर्जात नको. ‘किंडा’, ‘अ बिट’, ‘प्रिटी’, ‘स्टफ’ हे मऊ करणारे शब्द मात्र लवकर उचला, बोलण्यातला ताठरपणा त्यांनीच जातो. ‘प्रिटी बॅड’ म्हणजे बऱ्यापैकी वाईट. सौंदर्याचा तिथे संबंध नाही.

एक जोडी पॅसिव्हच्या अभ्यासात हमखास आडवी येते. ‘इट्स ब्रोकन’ म्हणजे ते मोडलंय. ‘आयम ब्रोक’ म्हणजे मी कडका आहे, खिशात दमडी नाही. आणि ‘आयम ब्रोकन’ म्हणजे मी मनाने पार खचलोय. पैसे नाहीत हे सांगायला जाऊन समोरच्याला काळजीत टाकू नका.

पायरी ७: मार खाल्ला, दंड बसला, आणि ‘गॉट’

इथे दोन्ही विषय एकमेकांना भेटतात. मराठीत ‘त्याला मारण्यात आले’ असं फक्त बातमीत असतं. घरात आपण म्हणतो ‘त्याने मार खाल्ला’. तसंच ‘बोलणी खाल्ली’, ‘ओरडा बसला’, ‘दंड बसला’. करणारा कोण हे न सांगता, आपल्यावर काहीतरी आदळलं हे सांगायला मराठीने ‘खाणं’ आणि ‘बसणं’ कामाला लावलंय. इंग्रजी गप्पांत तेच काम ‘गेट’ करतो.

‘दंड बसला’: ‘आय गॉट फाइन्ड’. ‘बोलणी खाल्ली’: ‘आय गॉट टोल्ड ऑफ’. ‘पकडला गेला’: ‘ही गॉट कॉट’. ‘मला लुबाडलं’: ‘आय गॉट रिप्ड ऑफ’. ‘अडकलो होतो, म्हणून उशीर झाला’: ‘सॉरी, गॉट हेल्ड अप’. ‘कामावरून काढलं’: ‘शी गॉट फायर्ड’. पण कंपनीने माणसं कमी केली म्हणून गेली असेल तर ‘गॉट लेड ऑफ’. हा फरक पाळा, कारण ‘फायर्ड’मध्ये तिची चूक होती असं ध्वनित होतं. भेटायचं ठरवून समोरचा आलाच नाही तर ‘आय गॉट स्टुड अप’. मेसेजना उत्तरं देणं कुणी अचानक बंद केलं तर ‘आय गॉट घोस्टेड’.

‘वॉज’च्या जागी ‘गॉट’ ठेवला की काय बदलतं? ‘ही वॉज फायर्ड’ ही बातमी. ‘ही गॉट फायर्ड’मध्ये सांगणाऱ्याचा चेहरा दिसतो: अरेरे, किंवा बघ, म्हणालो होतो ना. ‘गॉट’ बहुधा अचानक घडलेल्या, त्रासाच्या गोष्टीला लागतो, कधी नशिबाच्याही: ‘आय गॉट पिक्ड!’, ‘शी गॉट प्रमोटेड’. सावकाश, ठरवून चालणाऱ्या कामाला तो शोभत नाही. ‘द ब्रिज गॉट डिझाइन्ड इन टू इयर्स’ कानाला खटकतं. नुसती स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांनाही तो चालत नाही. ‘ही वॉज नोन टू एव्हरीवन’मध्ये ‘वॉज’ काढून ‘गॉट’ बसवता येत नाही.

प्रश्न आणि नकार करताना आणखी एक काळजी घ्या. ‘वॉज’चा नकार ‘वॉजन्ट’, पण ‘गॉट’ला ‘डिड’ लागतो: ‘आय डिडन्ट गेट इन्व्हायटेड’, ‘डिड यू गेट पेड?’ आणि ‘गॉट’चा पॅसिव्ह कागदावर, म्हणजे अर्जात, अहवालात, परीक्षेच्या निबंधात आणू नका. तिथे ‘वॉज’.

पायरी ८: ‘करून घेतलं’

‘मी केस कापले’ असं आपण म्हणतो आणि सगळ्यांना कळतं की कापणारा दुसरा होता. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे तुम्ही स्वतः आरशासमोर कात्री घेऊन उभे होतात. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर ‘आय हॅड माय हेअर कट’, गप्पांत ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम पक्का आहे: ‘हॅड’ किंवा ‘गॉट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय नीड टू गेट माय फोन फिक्स्ड.’ ‘वी हॅड द हाउस पेंटेड.’ मनात ‘करून घेणं’ आलं की हा साचा, दुसरा विचार नको.

पायरी ९: एकच बातमी, वेगवेगळे कान

आता एक बातमी घ्या: उद्याची मीटिंग रद्द. फळ्यावरच्या सूचनेत, जिथे मराठीत ‘रद्द करण्यात आली आहे’ लिहिलं असतं, तिथे ‘द मीटिंग हॅज बीन कॅन्सल्ड’. वरिष्ठांना तोंडी: ‘टुमॉरोज मीटिंग्ज बीन कॅन्सल्ड’. शब्द तेच, फक्त आकुंचन पावलेले. सोबतच्या माणसाला: ‘देव्ह कॉल्ड ऑफ द मीटिंग’. जवळच्या मित्राला: ‘मीटिंग गॉट कॉल्ड ऑफ’. आणि घाईत, जिन्यात भेटल्यावर: ‘मीटिंग्ज ऑफ’. वरून खाली येताना आधी शब्द लहान झाले, मग पॅसिव्हचा ‘बीन’ जाऊन ‘गॉट’ आला, शेवटी मुख्य क्रियापदही गळालं. असा एकेक निरोप चार-पाच जणांना सांगून पाहण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

वरच्या मजल्यावरचा पॅसिव्ह सभ्यतेसाठीही लागतो. ‘यू हॅवन्ट सेंट द फाइल’ हा आरोप, ‘द फाइल हॅजन्ट बीन सेंट येट’ ही आठवण. तेच हत्यार अंग काढून घ्यायलाही चालतं. 1987 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावर संसदेपुढे बोलताना ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ असे शब्द वापरले. चुका झाल्या खऱ्या, पण केल्या कुणी ते वाक्याने सांगितलं नाही. बातम्या ऐकताना असा ‘बाय’ नसलेला पॅसिव्ह आला की विचारायचं: कुणी?

आता पाच वाक्यं. आधी स्वतः करा, मग खाली बघा. एक, ‘आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही’, सहकाऱ्याला. दोन, ‘झाड पडलं’. तीन, ‘झाड पाडलं’. चार, ‘काल मला ओरडा बसला’, मित्राला. पाच, ‘अर्ज तपासण्यात येत आहेत’, सूचनेत.

उत्तरं: ‘वी वेअरन्ट टोल्ड एनिथिंग.’ ‘द ट्री फेल.’ ‘द ट्री वॉज कट डाउन.’ ‘आय गॉट टोल्ड ऑफ येस्टरडे.’ ‘ॲप्लिकेशन्स आर बीइंग चेक्ड.’ पहिल्याला ‘नोबडी टोल्ड अस एनिथिंग’ लिहिलं असेल तर तेही बरोबर, गप्पांत उलट तेच जास्त कानावर येईल. दुसऱ्याला ‘वॉज फॉलन’ लिहिलं असेल तर चौथ्या पायरीवर परत जा.